खुजे झालेले डोंगर

कोयनेचं खोरं सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर, म्हणजे टोपोशीटवर, बघायचं तर एका शीटवर भागत नाही. महाबळेश्वरहून निघालेली ही नदी घाटावरच्या बाकीच्या नद्यांसारखी लगेच पूर्वेची वाट धरत नाही. सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे साठ-पासष्ट किलोमीटर जाते आणि मग हेळवाकपाशी काटकोनात वळून कराडकडे निघते. तिचा हा सरळसोट टप्पा ७३ अंश ४५ मिनिटांच्या रेखांशाच्या आतबाहेर चालतो आणि नेमक्या त्याच रेखांशावर सर्वेक्षण विभागाचं एक शीट संपून दुसरं सुरू होतं. ४७ जी/११ वर एक काठ, ४७ जी/१५ वर दुसरा. धरणाची भिंत तर जवळजवळ त्या सांध्यावरच उभी आहे. वर तापोळ्यापर्यंत जायचं म्हटलं की शीटं सहा होतात.

आखणी करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन पाडले, खालून कोणती नदी जाते हे न बघता. आपल्याला हवी ती जागा शीटच्या कडेलाच का सापडते, हा डोंगर भटकणाऱ्यांचा जुना वैताग आहे. पूर्वी त्यावर एकच इलाज होता. झेरॉक्स काढायच्या, कडा कापायच्या आणि सेलोटेपने जोडायच्या. जोडावर रेषा क्वचितच धड जुळायच्या. इकडे ठसठशीत दिसणारी पायवाट तिकडच्या शीटवर गायब व्हायची, कारण दोन शीटांची मोजणी वेगवेगळ्या हंगामांत वेगवेगळ्या माणसांनी केलेली असायची. ज्याच्या वाट्याला दांडगं रान आलं, त्याने वाटा कमी दाखवल्या असतील.

आता कात्री आणि सेलोटेप दोन्ही गेले. नकाशा स्कॅन करायचा, क्यूजीआयएससारख्या मोफत प्रणालीत उघडायचा आणि त्याला तो पृथ्वीवर कुठे बसतो ते सांगायचं. चार कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश छापलेलेच असतात, आतही पाच-पाच मिनिटांवर रेघा असतात. त्या छेदबिंदूंवर एकेक टिचकी मारून आकडे भरत गेलं की कागद आपल्या जागी जाऊन बसतो. याला सगळे जिओरेफरन्सिंग म्हणतात. काम कंटाळवाणं आहे, पण मला आवडतं. कागदाला कुठे घडी पडली होती, स्कॅन करताना तो कुठे सुरकुतला, दमट हवेत कोणत्या बाजूने ताणला गेला, हे सगळं प्रत्येक बिंदूसमोर चूक किती ते सांगणाऱ्या आकड्यात दिसतं. चाळीस-पन्नास वर्षं एखाद्या कपाटात पडून राहिलेल्या कागदाची तब्येत त्या रकान्यात वाचता येते.

या कामाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे जमिनीची उंची, आकाशातून आला. ११ फेब्रुवारी २००० रोजी एन्डेव्हर हे अमेरिकन अंतराळयान वर गेलं आणि अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्याच्या पोटात एक रडार होतं आणि बाहेर काढलेल्या साठ मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला दुसरी अँटेना. जमिनीवरून परत येणाऱ्या लहरी दोन्ही अँटेनांना किंचित वेगवेगळ्या मिळतात, आणि त्या फरकावरून जमिनीची उंची काढता येते. उत्तरेला ६० अंशांपासून दक्षिणेला ५६ अंशांपर्यंतची जमीन या अकरा दिवसांत मोजून झाली. एसआरटीएम या नावाने ती माहिती ओळखली जाते. आधी आपल्या वाट्याला नव्वद मीटरचे चौकोन आले, २०१४ नंतर तीस मीटरचे. दरम्यान इस्रोने कार्टोसॅट-१ च्या जोडचित्रांवरून आपल्या देशाच्या उंचीचं असंच प्रतिरूप तयार केलं. ते इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. डीईएम म्हणतात ते हेच. आतून बघितलं तर तो आकड्यांचा एक प्रचंड तक्ता असतो. एका चौकोनात एक उंची, दुसरं काहीही नाही. ना नाव, ना वाट, ना विहीर. प्रणालीला वायव्येकडून खोटा सूर्यप्रकाश पाडायला सांगितलं की त्याच आकड्यांतून सोंडा, घळी, खिंडी सावल्यांसह वर येतात.

त्यावर टोपोशीट पसरायचं आणि मिश्रणाच्या पर्यायांतून ‘मल्टिप्लाय’ निवडायचं. कागदाचा पांढरा रंग नाहीसा होतो. उरतात त्या तपकिरी रेषा, निळे ओढे, काळी अक्षरं, आणि त्यांच्याखालून डोंगर उठून येतात. हे पहिल्यांदा बघणारा माणूस खुर्चीत सरसावून बसतो. समोच्च रेषा वाचण्याची सवय नसलेल्यालाही त्या क्षणी कळतं, की या रेषा म्हणजे पायऱ्यांच्या कडा आहेत.

पण पहिल्यांदा त्या जुळत नाहीत. नदी दरीच्या तळातून उठून बाजूच्या उतारावर चढलेली असते. सगळा नकाशा शंभर-दीडशे मीटर सरकलेला. याचं मूळ शोधत गेलं की आपण थेट एकोणिसाव्या शतकात पोहोचतो. १८०२ मध्ये लॅम्टनने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणामागून त्रिकोण रचायला सुरुवात केली. त्याच्यानंतर हे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीचा जो गणिती आकार मांडला, तो भारताच्या भूमीला नीट बसेल असा होता, आणि जुनी टोपोशीटं त्यावरच उभी आहेत. मध्य प्रदेशातलं कल्याणपूर हा त्या मोजणीचा आरंभबिंदू. उपग्रहांचा आकार वेगळा. त्याचं केंद्र पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्रावर ठेवलेलं आहे. एव्हरेस्टच्या पृथ्वीचं केंद्र त्यापासून काही शे मीटर बाजूला पडतं. त्यामुळे तीच टेकडी, तोच देवळाचा कळस, पण अक्षांश-रेखांश थोडे निराळे. प्रणालीला एकदा सांगितलं, की बाई, हा कागद एव्हरेस्टच्या पृथ्वीवरचा आहे, की ती हिशोब करून त्याला सरकवते आणि नदी मुकाट्याने दरीत उतरते. दोन शतकांपूर्वी उन्हातान्हात ओढलेल्या साखळ्यांचा आणि २००० सालच्या रडारचा हिशोब एका टिचकीत मिळतो. मोजणीतले खलाशी किती मेले, तापाने किती तळ उठले, ते मात्र त्यात येत नाही.

एवढं करूनही थोडं उरतंच. इथे एक मोह होतो आणि त्याबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. प्रणालीत नकाशा रबरासारखा ताणायची सोय असते. शे-दोनशे बिंदू द्यायचे, थिन प्लेट स्प्लाइन निवडायचं, की प्रत्येक ओढा आपल्या घळीत जाऊन बसतो आणि चूक दाखवणाऱ्या रकान्यात शून्य येतं. दिसायला झकास. पण मग तो मोजणीदाराचा नकाशा उरत नाही. त्याने कडा जिथून बघितला आणि जिथवर तो पोहोचू शकला नाही, त्या सगळ्या खुणा आपण इस्त्री करून टाकलेल्या असतात. प्लेन टेबल घेऊन डोंगरात फिरणाऱ्या माणसाच्या रेषा मी बऱ्याच शीटांवर पाहिल्या आहेत. जिथे तो चढला असणार, तिथे त्या रडारच्या सावलीशी अशा मिळतात की थक्क व्हावं. जिथे तो दरीपलीकडून नुसता अंदाज घेत असणार, तिथे त्या गोलाईने, सावधपणे जातात. जुळत नाही ती जागा मी रंगवून ठेवते. ताणून बसवत नाही.

आणि चूक नेहमी कागदाचीच असते असंही नाही. कोकणाच्या बाजूने उठलेल्या सरळ कातळाचं काय करायचं, हे रडारला कधी नीट उमगलं नाही. यान तिरक्या नजरेने बघत जातं. काही कडे त्याच्या सावलीत राहिले आणि पहिल्या माहितीत तिथे चक्क भोकं होती. जगभरातली अशी भोकं बुजवण्याचं काम अनेकांनी केलं. त्यातल्या जोनाथन दि फेरांटी या स्कॉटलंडमधल्या गृहस्थाने त्यासाठी ठिकठिकाणचे कागदी टोपोग्राफिक नकाशेच वापरले. म्हणजे अंतराळातून न दिसलेली जागा शेवटी पायी फिरलेल्या माणसाच्या रेघेवरून भरली गेली. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर या तक्त्यात मावूच शकत नाही. तो आत वळलेला आहे. वरचा माथा पुढे आणि पोट मागे. एका चौकोनात एकच उंची मांडायची असेल तर असा कडा मांडणार कसा? प्रतिरूपात तो एक तीव्र उतार होतो, आणि ज्यांनी त्याच्या कडेवर पालथं पडून खाली बघितलंय, त्यांना ते चित्र पाहून हसू येतं. शिखरांचीही तीच गत. तीस मीटरच्या चौकोनात सुळक्याचं टोक आजूबाजूच्या उतारात वाटलं जातं, आणि कळसूबाईचे १६४६ मीटर तिथे थोडे कमीच भरतात. कोयनेच्या अभयारण्यात उलट होतं. तिथली लहर बहुतेक जमिनीपर्यंत पोहोचत नाही, दाट झाडोऱ्यातूनच परत फिरते. तिथला तक्ता डोंगराची आणि जंगलाची उंची एकत्र सांगतो.

आता तलाव.

कोयना धरणाचं काम १९५६ मध्ये सुरू झालं आणि १९६० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत पाणी चढलं. शिवसागर या धरणाच्या तलावाची पूर्ण पातळी पेपरवाले दर पावसाळ्यात फुटांत छापतात, २,१६३ फूट. म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर. एसआरटीएमवर हा तलाव परातीत थापलेल्या पाटवडीसारखा दिसतो. एका पातळीत, कुठेही उंचसखल नाही. फेब्रुवारीतल्या कोणत्याही धरणासारखा तो तेव्हा पुरा भरलेला नसणार, पण सपाट मात्र पुरेपूर. मला आधी वाटायचं, पाणी सपाटच असतं, त्यात काय नवल. पण पाण्यावरून रडारची लहर नीट परत येत नाही, आकडे वेडेवाकडे येतात. म्हणून माहिती प्रसिद्ध करण्याआधी, सहाशे मीटरहून लांब असलेल्या प्रत्येक तलावाचा काठ आखून त्याला एकच उंची देण्यात आली. ही सफाई माणसांनी बसून केलेली आहे. यंत्राने मोजलं म्हणजे ते कोणाच्या हाताखालून गेलं नाही, असं समजायचं कारण नाही.

या सपाट पट्ट्यावर मी धरणाआधीच्या मोजणीचं, इंचाला मैल प्रमाणाचं शीट पसरलं. एका जुन्या गिर्यारोहकाने ते जपून ठेवलं होतं. (ज्यांच्याकडे असं शीट नाही, त्यांना अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाची १९५० च्या दशकातली भारत-पाकिस्तानची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मोफत ठेवलेली सापडते. प्रमाण लहान आहे, पण खोरं त्यात धरणाशिवायचं आहे. आपल्याकडे नकाशांवरची बरीच बंधनं २०२१ च्या फेब्रुवारीत उठली, तरी जुन्या शीटांबद्दल बोलताना माणसं अजून आवाज खाली आणतात.) काठापर्यंत सगळं ठीक होतं. रेषा सावल्यांवर बसल्या होत्या. काठापाशी सावल्या थांबल्या आणि रेषा तशाच पुढे पाण्यात उतरत गेल्या. २,१०० फूट, २,००० फूट, आणि अगदी मध्ये बारीक निळी दुहेरी रेघ, वळणं घेत, कोयना. तिच्या दोन्ही अंगांना काळे ठिपके आणि गावांची नावं. धरणाने बुडवलेली गावं शंभराच्या आसपास. त्यांतली काही वर सरकून त्याच नावाने पुन्हा वसली, तर काहींची माणसं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगली.

माझ्या एका मैत्रिणीचे सासरे त्यांतल्याच एका गावचे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. पाणी चढलं तेव्हा ते शाळकरी होते. पुढे मुंबईला आले, माथाडी म्हणून सगळी उमर बाजारात काढली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते मशीद बंदरला एका गाळ्यात झोपलेले होते. आता ऐंशीला टेकलेत आणि वर्षातून एकदा तरी बामणोलीहून लाँचने धरण फिरून येतात. मी पाण्यावर नावं उमटलेला तो पडदा त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, आपल्या गावाचं नाव वाचलं आणि म्हणाले, “बरोबर हाय.” तेवढंच. वरून बघितलेलं खोरं त्यांच्या काही उपयोगाचं नव्हतं. त्यांनी ते कधी वरून बघितलंच नव्हतं.

मग जाता जाता म्हणाले, “पोरी, एक सांग. हल्ली लाँचमधनं बघतो तवा डोंगर खुजे वाटत्यात. म्हातारपणानं असंल?”

त्या एका वाक्याने मला कामाला लावलं.

खोरं परत मिळवायचं तर काठाखालच्या रेषा हाताने उतरवून घ्याव्या लागतात. माउसने एकेक समोच्च रेषा गिरवायची, तिला तिचा आकडा द्यायचा, फुटांचे मीटर करायचे. मग त्या रेषांमधली जागा प्रणाली अंदाजाने भरते आणि काठाच्या आत एसआरटीएमच्या सपाट पट्ट्याऐवजी हा नवा तुकडा बसवायचा. काठावर दोन्हींच्या उंचीत चार-सहा मीटरचं अंतर पडतं. तिथे एक बारीक पायरी तयार होते. मी ती तशीच ठेवली. गाळाचाही विचार करावा लागतो. इतक्या वर्षांत तळाशी जे बसलं असेल, त्याचा या नकाशाला पत्ता नाही. हा तलावाचा आजचा तळ नव्हे, मोजणीच्या वर्षातलं कोरडं खोरं आहे. मला हवं होतं तेच.

हे करताना धरण इथेच का, हेही पडद्यावर उघडं पडतं. नदीपासून पश्चिमेकडे एक आडवा छेद घेतला. धरणाजवळ जुनं पात्र पूर्ण पातळीच्या सुमारे ऐंशी मीटर खाली. तिथून रेघ धारेवर चढते, आणि धारेपलीकडे काही किलोमीटरांत कोकणात शंभर-दोनशे मीटरपर्यंत कोसळते. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवलं, की साडेचारशे मीटरहून अधिक उंचीचा प्रपात हातात येतो. पोफळीचं भूमिगत वीजघर त्यावरच चालतं, आणि वीज करून झालेलं पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट. कोणीही शहाणा अभियंता हा छेद बघून तेच म्हणाला असता. छेदाच्या रेघेवर गावं दाखवायची पद्धत नसते, हीही गोष्ट आहेच.

आता आबांचा प्रश्न. त्रिमितीय दृश्यात कॅमेरा कुठेही उभा करता येतो. बरेच जण या ठिकाणी उंचीला दोनाने किंवा तिनाने गुणून डोंगर उग्र करून टाकतात. चित्र छान येतं, पण डोंगर कोणाच्याच ओळखीचा राहत नाही. मी गुणक एकच ठेवला. आबांचं गाव साधारण २,००० फुटांच्या रेषेच्या आसपास, म्हणजे पूर्ण पातळीच्या पन्नास मीटर खाली. पहिल्यांदा कॅमेरा त्या ठिकाणी, पण पाण्याच्या पातळीवर ठेवला. लाँचमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे. मग तोच कॅमेरा सरळ खाली गावात नेला, नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या उंचीवर.

मी समजत होते की फरक मुख्य धारेत दिसेल. तसं झालं नाही. वासोट्याच्या बाजूची धार हजार मीटरच्या वर आहे. तिच्यातले पन्नास मीटर पाण्यात गेले तरी ती फार बुटकी दिसत नाही. खुजी झाली ती अलीकडची टेकाडं. गावामागे नदीपर्यंत उतरणाऱ्या सोंडेचं एक टेपाड आहे, माथा २,३०० फुटांच्या आसपास. गावातून ते तीनशे फूट उंच, जवळपास अर्धं आभाळ अडवणारं. पाण्यावरून बघितलं तर त्याचे फक्त एकशे चाळीसच्या आसपास फूट उरतात. जी टेपाडं पूर्ण पातळीहून ठेंगणी होती ती अजिबात दिसत नाहीत, आणि काहींची बेटं झाली. शिवाय आधी डोंगर थेट अंगावर यायचा, कारण त्याच्या पायथ्याशी उभं राहता यायचं. आता पायथा पाण्याखाली आहे आणि लाँच मधोमध चालते. म्हणजे उंची घटली आणि अंतर वाढलं. धार तीच राहिली, पण तिला उंच करून दाखवणाऱ्या खालच्या पायऱ्या गेल्या.

म्हातारपणाचा यात काही दोष नव्हता.

विशेष म्हणजे हे दृश्य दोन्हींपैकी एका माहितीतून कधी मिळालं नसतं. एसआरटीएमला धार ठाऊक होती, पण पायाखालची जमीन ठाऊक नव्हती. शीटला जमीन ठाऊक होती, आणि धारेच्या रेषाही होत्या, पण कड्याच्या वरच्या भागात मोजणीदाराने हात राखून काम केलं होतं. त्याच्या रेषांवरून उभी केलेली क्षितिजरेषा मी आबांना आधी एकदा दाखवली होती, तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली होती. वरचा अर्धा भाग अंतराळातून आणि खालचा अर्धा भाग कागदावरून, असं जोडलं तेव्हा चित्र उभं राहिलं. जोडाची ती पायरी मध्येच दिसत होती. आबांनी तिकडे लक्षही दिलं नाही.

त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं. “हां. ही धार आमची,” म्हणाले. मग बोट धारेवरून डावीकडे नेत, “हितनं सूर्व्या मावळायचा पावसाळ्याच्या तोंडाला. आन् दिवाळीला पार तिकडं.” मला हा अंदाजच नव्हता. मी प्रणालीत तारखा घालून सूर्याची दिशा काढली. जूनमधला मावळतीचा सूर्य उत्तरेकडच्या खिंडीत उतरत होता आणि कार्तिकातला कितीतरी दक्षिणेला, सोंडेमागे. आबांची दोन्ही ठिकाणं बरोबर होती. साठाहून अधिक वर्षं एक क्षितिजरेषा त्यांच्या डोक्यात तशीच्या तशी राहिली होती.

तिथून पुढे मात्र ते माझ्या नकाशाशी भांडायला लागले. शीटवर देवळाचं चिन्ह ओढ्याच्या उत्तरेला आहे. आबा म्हणाले, देऊळ दक्षिणेला, उत्तरेला खळं होतं. “नकाशावाला सायेब देवळात आला न्हाई, लांबनं बघून लिवलं असंल.” मी म्हटलं, “आबा, तुम्ही तेव्हा लहान होता.” ते म्हणाले, “लहान हुतो म्हणूनच सांगतो. देवळात आमीच जायचो.” दोन्ही खुणा मी ठेवल्या आहेत. शीटची काळी, आबांची लाल. त्यांनी सांगितलेल्या वाटाही लाल रंगातच आहेत. नदीवरचा उतार, बायका पाण्याला जायच्या ती पांद, शिकारीला जायची वाट जी शीटवर कुठेच नाही. काही वाटा रडारच्या सावल्यांवर इतक्या नैसर्गिकपणे बसतात, की तिथे वाट असणारच. काही सरळ कड्यातून जातात. त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

सगळं बघून झाल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला तो अगदी व्यवहाराचा होता. “आमची जमीन निघंल का ह्यात? किती हुती, कुठवर हुती?”

टोपोशीटवर ते निघत नाही. शीट महसुलाचं नाही. त्यात शेताचा बांध नसतो, गट नसतो, सर्वे नंबर नसतो. ते सगळं गावनकाशात. शंकू-साखळीने मोजलेलं, तेहतीस फुटांची साखळी आणि तिचे सोळा आणे, एकर-गुंठ्यांच्या हिशोबाचं. बुडालेल्या गावाचाही गावनकाशा होताच. आबांच्या घरी पत्र्याच्या पेटीत त्याची घडी घालून घालून फाटलेली नक्कल निघाली, मोबदल्याच्या कागदांबरोबर ठेवलेली. नंबर वाचता येतात. आबांच्या वडिलांच्या नंबराभोवती कोणीतरी तेव्हाच तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढलेली आहे.

या कागदावर अक्षांश नाहीत, रेखांश नाहीत, कोपऱ्यात एकही आकडा नाही. एव्हरेस्टची पृथ्वी असो की उपग्रहांची, त्याचा कशाशीच संबंध नाही. त्याला ठाऊक आहे ती फक्त शीव, शेजारच्या गावांची नावं आणि पूर्वेच्या कडेने जाणारी नदी. घड्यांमुळे दोन ठिकाणी नदी तुटली आहे. पण तिची तीन वळणं शाबूत आहेत, आणि ती तिन्ही शीटवरच्या निळ्या दुहेरी रेघेत ओळखू येतात. मधल्या वळणाला ओढा येऊन मिळतो, तो दोन्हीकडे आहे. गावनकाशात देऊळ ओढ्याच्या कोणत्या बाजूला आहे ते नेमकं घडीत फाटलंय. पहिला बिंदू मी त्या संगमावर दिला. बाकीचे वळणांवरून घेते आहे.